सुगीचे साठ दिवस व शेतकऱ्याचे खरे हित

अलीकडे आमच्या जिल्ह्यात, बाजाराचा दिवस असो की सोसायटीचा ओटा असो, चार खातेदार एकत्र जमले म्हणजे एक विषय निघाल्यावाचून राहत नाही. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने ग्रामीण रोजगाराचा नवा कायदा संमत केला. २००५ च्या कायद्याच्या जागी तो आणण्यात आला आहे. त्यात हमीचे दिवस शंभराचे सव्वाशे केले आहेत, आणि त्याबरोबर असेही कलम घातले आहे की, पेरणीच्या व काढणीच्या ऐन हंगामात वर्षातून एकूण साठ दिवस ही कामे बंद राहावीत. हे दिवस राज्य सरकारने अगोदर जाहीर करावयाचे आहेत. सव्वाशे दिवसांची गोष्ट आमच्या मंडळींत फारशी कोणी काढीत नाही. साठ दिवसांची मात्र सर्वांच्या तोंडी आहे. 'आता मजूर ताळ्यावर येतील', 'आता रोज उतरेल', 'सरकारास अखेर शेतकऱ्याची आठवण झाली', असे उद्गार आम्ही आमच्या कानांनी ऐकले आहेत.

या मासिकाच्या वाचकांपैकीही पुष्कळांचे मत असेच असेल. त्यांच्याविषयी पूर्ण आदर बाळगून आम्हास असे सांगावयाचे आहे की, हा आनंद विचारांती टिकणारा नाही. आम्ही मुलकी खात्यात कारकुनी करण्यात आयुष्याची तीस-बत्तीस वर्षे घालविली. हजेरीपट, मागणीचे अर्ज व मासिक तक्ते यांतच आमचे डोळे अधू झाले. पण आमच्या नावे वडिलार्जित जिराईत जमीनही आहे, आणि खुरपणीस बाया मिळत नाहीत तेव्हा जीव कसा कासावीस होतो हे आम्ही जाणतो. तेव्हा जे लिहीत आहोत ते शेतकऱ्याच्या हिताकडे पाठ फिरवून लिहीत नाही, एवढे वाचकांनी लक्षात घ्यावे.

प्रथम ही हमी आली कोठून, याचे स्मरण करू. दुष्काळात सरकारने कामे काढावीत ही चाल आपल्याकडे जुनी आहे. १८७६-७७ च्या दुष्काळात जी कामे निघाली, त्यांतच आपल्या जिल्ह्यातून जाणाऱ्या दौंड-मनमाड लोहमार्गाचे मातीकाम झाले. परंतु ती सर्व कामे सरकारच्या मर्जीची होती. सर रिचर्ड टेंपल साहेबांनी १८७७ च्या आरंभी मजुरी उतरवून ती दिवसास एक रत्तल धान्याच्या बेताची केली, तेव्हा मुंबई इलाख्यातील हजारो माणसे अर्धपोटी राबण्यापेक्षा कामे सोडून निघून गेली, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेस त्यांची दाद मागावी लागली. कामे काढावयाची केव्हा, बंद करावयाची केव्हा आणि मजुरी द्यावयाची किती, या तिन्ही गोष्टी साहेबाच्या लेखणीवर अवलंबून होत्या.

१९७२ चा दुष्काळ आमच्या आठवणीतील आहे. आम्ही त्या वेळी सहा-सात वर्षांचे होतो. आमच्या वडिलांच्या नावे वीस एकरांच्या वर जमीन होती, दारात बैल होते, आणि तरीही आमचे आईवडील दोघेही खडी फोडावयास जात. घरात लाल मिलोच्या भाकरी होत, आणि आम्हा मुलांस सुकडी मिळे. त्या कामावर भूमिहीन तेवढे होते असे कोणी समजू नये. सातबाऱ्यावर ज्यांचे नाव, त्यांचेच नाव हजेरीपटावर, अशी स्थिती होती. मे १९७३ मध्ये राज्यातील दुष्काळी कामांवर सुमारे पन्नास लक्ष माणसे होती. एवढा मोठा दुष्काळ पडूनही माणसे पूर्वीप्रमाणे लाखांनी मेली नाहीत, याचे मोठे कारण ही कामे होत.

विधान परिषदेचे त्या वेळचे सभापती कै. वि. स. पागे यांनी या अनुभवापूर्वीच आपल्या तासगाव तालुक्यात कामाच्या हमीचा प्रयोग करून पाहिला होता. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते की, खेड्यातील जो सज्ञान माणूस अंगमेहनतीचे काम मागेल त्यास ते देणे हे सरकारवर बंधन असावे. दुष्काळ जाहीर होण्याची वाट त्याने पाहू नये. पुढे १९७७ साली राज्याने रोजगार हमीचा कायदा केला, व २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. त्याच्या खर्चासाठी १९७५ पासून व्यवसाय कर बसविला गेला. तो शहरातील नोकरदार व धंदेवाले यांच्याकडून मुख्यतः येई, आणि आमच्या पगारातूनही तो दरमहा कापला गेला. देशाने २००५ साली हाच विचार कायद्यात आणला, आणि २ फेब्रुवारी २००६ रोजी ज्या दोनशे जिल्ह्यांत तो प्रथम सुरू झाला, त्यांत आपला जिल्हा होता. अर्थात ही कल्पना दिल्लीहून आपल्याकडे आली नाही; ती आपल्याकडून दिल्लीस गेली.

हे सर्व सांगण्याचे कारण एवढेच की, टेंपल साहेबांचे काम व पागे यांचे काम यांत खडी तीच, टोपली तीच, परंतु एक दया होती व दुसरा हक्क. आणि हक्कावर बंदी घालावयाची झाल्यास तिचे कारण तितकेच भक्कम असले पाहिजे.

आता बंदीचे जे कारण सांगतात त्याकडे वळू. सरकारी काम बंद राहिल्यास मजूर आपल्या बांधावर येईल, असे हे कारण. ही समजूत वरवर पाहता सरळ दिसते. पण आपल्या जिल्ह्यास ती लागू पडते काय?

सुगी म्हणजे नेमकी कोणती, हा पहिला प्रश्न. अकोल्याच्या डोंगराळ भागात भाताची लावणी आषाढ-श्रावणात. पाथर्डी-शेवगावकडे कापसाची वेचणी दिवाळीच्या आगेमागे. जामखेड, कर्जत, श्रीगोंदे, पारनेर या भागांत शाळूची काढणी माघ-फाल्गुनात, आणि उन्हाळी कांद्याची काढणी त्यानंतर. राहाता, श्रीरामपूर, नेवासे, कोपरगाव येथे ऊसतोड दिवाळीपासून होळीपर्यंत. एका जिल्ह्यात एवढे हंगाम असता साठ दिवस निवडावयाचे कोणाच्या सोयीने? जे दिवस अकोल्यास योग्य ते कर्जतास निरर्थक, आणि जे नेवाशास योग्य ते पाथर्डीस घातक. इथिओपियात २००५ पासून अशाच प्रकारची योजना चालते. तेथे बांधबंदिस्ती, चर खणणे इत्यादी कामे मुख्य पावसाळ्यापूर्वीच्या रिकाम्या महिन्यांत करून घेतात, आणि त्यात काही गैर नाही. परंतु तेथील बहुतेक भागांत मुख्य हंगाम एक असतो. आपल्याकडे तालुका बदलला की हंगाम बदलतो.

दुसरे असे की, मजुरीचा दर सरकारी कामामुळे चढला, असे आपण म्हणतो, ते कितपत खरे? महाराष्ट्रात या कामावरील रोज २०२४-२५ साली २९७ रुपये व २०२५-२६ साली ३१२ रुपये होता. तोही मोजमाप पुरे भरले तर. वाचकांनी आपापल्या गावचा कांदा काढणीचा उक्ता दर आठवावा, म्हणजे कोणी कोणास वर ओढले हे कळून येईल. भर सुगीत ज्यास शेतावर यापेक्षा अधिक मिळते, तो माणूस खडीवर जाईलच कशास? शिवाय देशभरचा हिशेब पाहिला तर दर कुटुंबास वर्षाकाठी पन्नास दिवसांच्या आसपासच काम मिळत आले आहे. तीनशे पासष्टांतून पन्नास दिवस गेल्याने मजुरांचा दुष्काळ पडला, हे गणित आमच्या कारकुनी बुद्धीस पटत नाही. खुरपणीचा बायकांचा रोज मात्र या कामांमुळे काहीसा वर आला, हे आम्ही नाकारीत नाही. कारण या कामावर स्त्री व पुरुष यांस दर सारखाच असतो. पण त्याबद्दल तक्रार करणाराने आधी स्वतःच्या आईबहिणीच्या कष्टाची किंमत मनाशी ठरवावी.

मग मजूर जातात कोठे? वाचकहो, ते आपल्या डोळ्यांदेखत जातात. दसरा झाला की पाथर्डी, शेवगाव, जामखेड भागांतून बैलगाड्या व ट्रॅक्टर भरून कोयते बाहेर पडतात. मुकादमाची उचल पावसाळ्यातच घेऊन झालेली असते, आणि ती फिटेपर्यंत नवराबायको दोघेही बांधलेली. अकोल्याची आदिवासी माणसे घाट चढून नारायणगावच्या मजूर बाजारात उभी राहतात. उन्हाळ्यात कित्येक वीटभट्ट्यांवर जातात. जो माणूस गावातच नाही, तो आपल्या बांधावर येणार कसा? त्यास गावात थांबवून धरणारी गोष्ट एकच, ती म्हणजे आपल्या गावाजवळ, ठरल्या दिवशी, ठरल्या दराने काम मिळेल असा भरवसा. ज्या घरी असा भरवसा असतो ते घर उचल घेत नाही. घेतली तर थोडी घेते. तो भरवसाच साठ दिवसांसाठी मोडला, तर मजूर आपल्या दाराशी येऊन उभा राहील असे ज्यांस वाटते, त्यांनी मुकादमाचा विचार केलेला नाही. मुकादम ते साठ दिवस आपल्यापेक्षा अधिक बारकाईने मोजून ठेवील.

येथे आमच्या हातून घडलेली एक गोष्ट सांगणे आम्हास भाग आहे. ती कोणत्या तालुक्यातील हे आम्ही लिहीत नाही. कारण ती कचेरीचा दोष म्हणून सांगावयाची नसून आमचा स्वतःचा दोष म्हणून सांगावयाची आहे. २००४ च्या उन्हाळ्यात एका गावची वीस-पंचवीस माणसे, त्यांत बाया अधिक, कामाच्या मागणीचे नमुना ४ चे अर्ज घेऊन आमच्या टेबलापाशी आली. नियम असा होता की, अर्ज घेतला की तारखेची पावती द्यावी. पावतीच्या तारखेपासून पंधरा दिवसांत काम न दिल्यास बेकारभत्ता द्यावा लागतो. यास्तव पावती द्यावयाची नाही, अर्ज नुसते ठेवून घ्यावयाचे, असा त्या वेळी अलिखित रिवाज पडला होता. तो कोणी पाडला याची चौकशी आम्ही कधी केली नाही, आणि तो मोडण्याचे धैर्यही दाखविले नाही. आम्ही अर्ज घेऊन खणात टाकले. त्यांतील एक वयस्क बाई मागे थांबली व म्हणाली, "भाऊसाहेब, आमच्या हातात काही कागद द्या." आम्ही म्हणालो, "नोंद झाली आहे बाई, जा आता." नोंद झालेली नव्हती. महिनाअखेरच्या तक्त्यात कामाच्या मागणीचा रकाना होता, त्यात आम्ही आमच्या हस्ताक्षरात 'निरंक' असे लिहिले.

तीन आठवड्यांनी कळले की ती माणसे वीटभट्टीवर गेली. कित्येकांच्या मुलांची नावे शाळेच्या पटावरून गळाली. पुढे पहिला पाऊस पडून पेरण्या झाल्या, आणि त्याच गावचे चार खातेदार कचेरीत येऊन आम्हास सांगू लागले की, खुरपणीस माणूस मिळत नाही, सरकारने या लोकांस लाडावून ठेवले आहे. आम्ही खाली मान घालून ऐकून घेतले. त्या चौघांचे तण ज्यांनी काढावयाचे, त्यांचे अर्ज आमच्या खणात पडलेले होते. काम बंद ठेवल्याने मजूर शेतावर येत नाही, तो गाव सोडतो, हे आम्ही कोणत्या पुस्तकात वाचून सांगत नाही. आमच्या खणाने आम्हास ते शिकविले आहे. तेव्हापासून 'तालुक्यात कामास मागणी नाही' असे वाक्य कोठे वाचले की आमच्या डोळ्यांपुढे तो 'निरंक' उभा राहतो.

कोणी म्हणेल की, गरिबास मदत करावी, पण त्यासाठी खडी-मातीच कशास. यादी करून रोख पैसे वाटावेत. या मार्गाची आम्ही निंदा करीत नाही. मेक्सिकोने १९९७ साली व ब्राझीलने २००३ साली गरीब कुटुंबांस, मुले शाळेत व दवाखान्यात पाठविण्याच्या अटीवर, रोख रक्कम देण्यास आरंभ केला, आणि त्याचा तेथील गरिबांस उपयोग झाला, असे जाणते लोक सांगतात. आपल्या राज्यानेही २०२४ पासून बहिणींस दरमहा दीड हजार रुपये देण्यास आरंभ केला. वृद्ध, अपंग, आजारी यांस तर रोख मदतीवाचून उपाय नाही. परंतु यादीचा धंदा आम्ही जवळून पाहिला आहे. २००२ च्या दारिद्र्यरेषेच्या पाहणीत तेरा प्रश्न होते, आणि दर प्रश्नास शून्यापासून चारपर्यंत गुण. घर कसले, अंगावर कपडे किती, दोन वेळा जेवतो की एक वेळ, असे विचारून माणसाची गरिबी बेरजेने काढावयाची! ज्याचा वशिला होता त्याचे गुण कमी भरले, आणि ज्याच्या घरी त्या दिवशी कोणी नव्हते तो यादीतून गळाला. एकदा गळालेला माणूस पुढे कित्येक वर्षे गळालेलाच राहिला.

कामाच्या हमीत ही भानगड नाही. वैशाखाच्या उन्हात टोपली उचलावयास सधन माणूस जात नाही. जो येतो तो गरजू, असे तेथे कारकुनाच्या मदतीवाचून आपोआप ठरते. आणि गरज सरली की माणूस आपोआप घरी जातो. मागेल त्यास काम, हे या योजनेचे मर्म आहे. नव्या कायद्यात खर्चाची वाटणी केंद्राकडे साठ व राज्याकडे चाळीस अशी ठेवली आहे, आणि केंद्राने ठरविलेल्या रकमेपलीकडचा खर्च राज्याने सोसावयाचा आहे. मागील कायद्यात अकुशल मजुरीचा सर्व भार केंद्रावर होता. तिजोरी आखडली की कचेरीत 'निरंक' लिहिण्याचा मोह वाढतो, हे आम्ही अनुभवाने सांगतो. तेव्हा दिवस सव्वाशे झाले यावर समाधान न मानता, मागणीची पावती मिळते की नाही, इकडे लक्ष ठेवले पाहिजे.

आणखी एक गोष्ट, जी बोलण्यास कडू आहे. 'सरकार मजुरांस आळशी करीत आहे,' असे म्हणणारे आम्ही कोण? २०१९ पासून केंद्राकडून आम्हा खातेदारांच्या खात्यात वर्षास सहा हजार रुपये जमा होऊ लागले. २०२३ मध्ये राज्याने त्यास आणखी सहा हजारांची जोड दिली. त्यासाठी आम्हास कोणी टोपली उचलावयास सांगितले नाही, मोजमाप घेतले नाही, की सुगीत ते पैसे बंदही ठेवले नाहीत. आम्हीही ते घेतले आहेत, आणि घेण्यात लाज मानीत नाही. शेतीचा धंदा असा आहे की त्यास आधार लागतो. परंतु जो उन्हात राबून मजुरी घेतो त्याच्याकडे बोट दाखविण्यापूर्वी आपल्या पासबुकाचे शेवटचे पान एकदा पाहावे.

शिवाय शेतकरी व मजूर ही दोन वेगळी माणसे आहेत, असे समजण्याचे दिवस गेले. १९७०-७१ साली राज्यातील सरासरी धारणक्षेत्र ४.२८ हेक्टर होते. २०१५-१६ च्या गणनेत ते १.३४ हेक्टरवर आले. आमच्या वडिलांच्या वीस एकरांचे दोन भावांत वाटे झाले. आमच्या वाट्यास आलेल्याचे उद्या आमच्या मुलांत होतील. तिसऱ्या पिढीस दोन-तीन एकर बरड राहील. त्या जमिनीवर वर्षभर पोट भरणार नाही, हे सांगावयास ज्योतिषी नको. ज्या हजेरीपटाची आपण आज निंदा करीत आहोत, त्यावर उद्या आपल्या नातवाचे नाव असू शकेल. १९७२ साली आमच्या वडिलांचे होतेच.

आणि या कामांतून जे उभे राहिले ते कोणाच्या पदरात पडले? पाझर तलावाखालच्या विहिरी कोणाच्या? नालाबांधाने ज्याची ओल टिकली ते शेत कोणाचे? १९९०-९१ पासून रोजगार हमीशी जोडून फळबागांची योजना निघाली, तीत डाळिंब, लिंबू, बोर, सीताफळ यांच्या बागा कोणाच्या रानात लागल्या? मजुरास त्याची मजुरी मिळाली व तो घरी गेला. पाणी व झाड आपल्या बांधात राहिले. नगर तालुक्यातील हिवरे बाजारचे उदाहरण तर सर्वांस ठाऊक आहे. १९८९ नंतर श्री. पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने त्या गावाने डोंगरावर चर खणले, झाडे लाविली, श्रमदान केले, आणि सरकारी योजनांचा पैसा गावाने आखलेल्या कामांत घातला. शेतीस कूपनलिका नको, ऊस व केळी नको, असे निर्बंधही स्वतःवर घालून घेतले. १९९५ साली तेथे दारिद्र्यरेषेखालील कुटुंबे १६८ होती. २०१० साली अवघी ३ उरली. तेथे मजूर बाहेर जाण्याचे थांबले ते काम बंद ठेवून नव्हे, काम आखून. या एका उदाहरणात आमचे सर्व म्हणणे येऊन गेले.

या योजनेत दोष नाहीत असे आम्ही म्हणू, तर आमच्या पूर्वायुष्याशी ती प्रतारणा होईल. हजेरीपटावर मेलेली माणसे कामास आलेली आम्ही पाहिली आहेत. पहिल्या पावसात वाहून गेलेले रस्ते, गाळाने भरलेले तलाव, आणि दोन-दोन महिने न मिळालेली मजुरी हेही पाहिले आहे. ज्या मजुरास सातव्या दिवशी किराणा भरावयाचा, त्यास साठाव्या दिवशी पैसे देणे म्हणजे त्यास सावकाराकडे धाडणेच होय. १८७५ साली सावकारी पाशास कंटाळून आपल्या जिल्ह्यातील पारनेर, श्रीगोंदे भागांतील शेतकऱ्यांनी कर्जरोखे जाळले, त्या शेतकऱ्यांचे आपण वंशज आहोत. उधारीचा जाच आपणास निराळा समजावून सांगण्याची गरज नसावी. परंतु दोष आहेत म्हणून काम बंद करावे, हे म्हणणे विहिरीत गाळ साचला म्हणून विहीर बुजविण्यासारखे आहे.

मग करावे काय? निव्वळ टीका करून थांबणे आम्हास प्रशस्त वाटत नाही, म्हणून चार सूचना करितो.

पहिली, साठ दिवस सबंध जिल्ह्यास एकदम लावू नयेत. प्रत्येक गावच्या ग्रामसभेने आपले पीक पाहून दिवस सुचवावेत, ते सलग नसून तुकड्यांनी असावेत, आणि राज्याने ते जाहीर करण्यापूर्वी विचारात घ्यावेत.

दुसरी, ज्या खातेदारास बंदी हवी त्याने ग्रामसभेत नोंद करावी की, या दिवसांत मला इतके मजूर, इतके दिवस, इतक्या रोजाने पाहिजेत. नुसते 'मजूर मिळत नाही' असे म्हणणे पुरे नाही. बंदीच्या दिवसांत ज्यांस शेतावरही काम मिळाले नाही, त्यांची यादी ग्रामपंचायतीने ठेवावी व वर पाठवावी, म्हणजे पुढील वर्षी दिवस ठरविताना खरा आकडा समोर राहील.

तिसरी, मागणीच्या अर्जाची तारखेची पावती. गावातील शिकलेल्या मुलांनी दर महिन्यास एक दिवस बसून अर्ज लिहून द्यावेत, व पावती घेतल्याशिवाय कोणासही परत येऊ देऊ नये. किती अर्ज गेले, किती पावत्या मिळाल्या, किती मजुरी थकली, हे ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवावे. या एका गोष्टीने जे साधेल ते दहा चौकशांनी साधणार नाही, हे एका जुन्या कारकुनाचे सांगणे खरे मानावे.

चौथी, कामांचा आराखडा आपण शेतकऱ्यांनीच पुढाकार घेऊन करावा. कोणता बांध फुटला, कोणत्या तलावात गाळ आहे, कोणती पाणंद चिखलात जाते, हे इंजिनिअरापेक्षा आपणास अधिक ठाऊक असते. दिवाळीपूर्वी यादी तयार असली तर उन्हाळ्यात खडी फोडून ढीग घालण्याची पाळी येणार नाही. मजुराचा घाम आपल्याच शिवारात मुरेल.

आपल्या सोसायटीने येत्या वार्षिक सभेत या आशयाचा ठराव करून तो जिल्हाधिकाऱ्यांकडे धाडावा, अशी आमची सभासदांस विनंती आहे. जमीनदारांच्या संस्थेने मजुराच्या हक्कासाठी ठराव करावा, हे काहींस चमत्कारिक वाटेल. परंतु २०२४ पासून आपल्या जिल्ह्यास ज्या अहिल्याबाईंचे नाव मिळाले, त्या याच जिल्ह्यातील चौंडीच्या, आणि त्यांची कीर्ती बारवा, घाट व धर्मशाळा बांधण्याची आहे; कामे बंद ठेवण्याची नव्हे.

त्या वयस्क बाईस द्यावयाची पावती आम्ही दिली नाही. ती आता कोठे असेल, असेल की नसेल, हे आम्हास ठाऊक नाही. सेवेतून मोकळे झाल्यावर आम्ही आमच्या गावी दर सोमवारी चावडीपुढे बसतो, ज्यांस अर्ज लिहिता येत नाहीत त्यांचे लिहून देतो, आणि पावती हाती पडेपर्यंत उठत नाही. एवढेच आता आमच्या हाती आहे. ज्या गावी असे बसणारे कोणी नसेल, तेथे वाचकांपैकी कोणी एकाने बसावे. खुरपणीच्या दिवसांत त्याच्या बांधावर माणसे असतील, असा आमचा भरवसा आहे.